देवाला वाहिलेल्या गोळ्या

कौमुदी साळवेनं उभी नोकरी पोरांना बेडूक चिरायला शिकवण्यात घालवली होती. सहजासहजी हबकणाऱ्यातली ती नव्हे. पण त्या रविवारी वेदीपुढच्या टेबलावर भोपळे, भाताच्या लोंब्या आणि अंडी यांच्या मधोमध गोळ्यांची स्ट्रिप दिसली, आणि ती हबकली.

कापणीचा सण होता. रायपूरच्या त्या चर्चची रीत अशी, की ज्याच्या घरी जे पिकलं ते देवापुढे ठेवायचं आणि उपासना आटोपली की त्याचा लिलाव. गोळ्या कोणाच्या परसात पिकल्या? तिनं स्ट्रिप उलटून पाहिली. ब्लडप्रेशरच्या. कोपऱ्याला भोक पाडून निळा दोरा ओवलेला. तो तिनंच ओवला होता. कांताबाईंना, तिच्या मोठ्या नणंदेला, वाचता येत नव्हतं. सकाळची गोळी म्हणजे निळा दोरा.

कौमुदी लग्न होऊन बडनेऱ्याहून इथं आली तेव्हा रायपूर साधं जिल्ह्याचं गाव होतं. राज्य झालं, राजधानी झाली, लोकांच्या दारात गाड्या आल्या आणि पाठोपाठ शुगर आली. निवृत्तीनंतर माशा मारत बसणं तिला जमेना. तिनं चर्चमध्ये रविवारी बीपी-शुगर तपासणीचं टेबल सुरू केलं. पास्टर अनिमेषना ते इतकं आवडलं की त्यांनी टेबल थेट वेदीशेजारी मांडलं. तिनं आकडा सांगायचा, त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. यात वावगं काय? कोणालाच दिसलं नाही. तिलाही नाही.

ती तरातरा पहिल्या बाकावर बसलेल्या कांताबाईंकडे गेली. "ताई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"काहून? तूच तर म्हणाली ना, एकदम नॉर्मल आहे? पास्टरनं हात ठेवला, देवानं बरं केलं. आता गोळ्या खाल्ल्या तर देवाचा अपमान नाही का?"

"अहो, नॉर्मल होतं ते गोळीमुळेच!"

"मग देव काय करत होता? बसून राहिला होता?"

कौमुदीनं बीपीचं यंत्र आणलं. तिथंच बाकावर त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. दोनशे दहा. एवढा आकडा तिनं एकदाच पाहिला होता, नवऱ्याचा. तो चहा मागता मागता कोसळला होता. आता घरात या दोघीच उरल्या होत्या.

"गोळी घ्या. आत्ता."

"देवाले वाहिलेलं मी परत घेत नाही. मेली तरी नाही."

पास्टर धावत आले. तोवर कौमुदीला लिंबांच्या टोपलीत आणखी एक स्ट्रिप दिसली होती, दुसऱ्याच कोणाची तरी, शुगरची. पास्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "दीदी, मैंने तो सिर्फ प्रार्थना की थी."

"मी तरी काय केलं होतं? फक्त आकडा सांगितला होता." ती वळली. "शामराव, लिलाव सुरू करा."

शामराव दरवर्षी बोली पुकारत. ते गांगरले. "अजून गीतसुद्धा झालं नाही, वहिनी!"

"गीत नंतर. आधी ही स्ट्रिप."

शामरावांनी स्ट्रिप वर धरली. कोणीतरी फिसकन हसलं. "बोला... गोळ्या. एक स्ट्रिप."

"शंभर," कौमुदी म्हणाली.

"दीडशे!" मागून नरहरी ओरडला. त्याला वाटलं, गंमत चालली आहे. कौमुदीनं वळून नुसतं पाहिलं. तो मटकन खाली बसला.

"दोनशे," ती म्हणाली.

"दोनशे एक बार, दो बार... वहिनीच्या झाल्या!"

तिनं गोळी काढून नणंदेपुढे धरली. "ही आता देवाची नाही, माझी आहे. भावजयीच्या हातचं खाता की नाही?"

कांताबाईंनी गोळीकडे पाहिलं, मग वेदीकडे.

"तुझ्या हातची भाजी खाऊन जगली मी इतके वर्षं," त्या म्हणाल्या, "गोळी काय चीज आहे?" आणि गिळली.

मग पास्टरांनीच गाडी काढून दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कांताबाईंना दुपारपर्यंत झोपवून ठेवलं आणि वर खूप झापलं.

संध्याकाळी घरी कौमुदीनं पुन्हा पट्टा बांधला. आकडा बराच खाली आला होता.

"किती झालं?" कांताबाईंनी विचारलं.

"सांगत नाही," कौमुदी म्हणाली आणि निळ्या दोऱ्याची स्ट्रिप आपल्या कपाटात ठेवून तिनं कुलूप लावलं.