माझ्या पोराच्या वाटेवर कोण राखण करतं

सगळ्यात आधी कोण हजर, तर शेजारची शेवंती. पाहुणे यायचे होते दहाला, ही आठपासून नवी साडी नेसून जेटीवर. मी म्हटलं, "काय गो, तुला बघायला येतायत काय?"

तर मंडळी, आज आपले नौदलवाले आले, सोबत दोन-तीन देशांचे पाहुणे. समुद्रात सगळ्यांचा मिळून सराव चाललाय. चहा झाला, फोटो झाले, शेवंती प्रत्येक फोटोत.

माझं लक्ष मात्र धाकट्याकडं. तो मालवाहू जहाजावर खलाशी आहे. समुद्री चोरांच्या वाटेवरून जातोय, चार दिवस फोन नाही. एका उंच पाहुण्याला गाठलं आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगणाऱ्या आपल्या नौदलाच्या मॅडमना सांगितलं, "विचारा, तिथं माझ्या पोराला कोण राखतं?"

तो म्हणाला, "आजी, आम्ही सगळे मिळून. एका देशाचं जहाज दिसलं की दुसऱ्याचं जवळच असणार, हे चोरांना ठाऊक आहे. बहुतेक वेळा लांबूनच परत फिरतात."

मी म्हटलं, "मग आमच्यासारखंच. जाळी कापणारे फिरायला लागले तशा दोन्ही वाड्यांच्या होड्या सोबत जातात. आता कोण फिरकत नाही. दोन वाड्यांचं आपसात भांडण आहेच, पण ते बंदरात आल्यावर."

तो हसून म्हणाला, "आमचंही तसंच."

जीव हलका झाला बघा. तुमचंही कोण पाण्यावर असलं तर सांगा, त्याच्याही नावानं नारळ सोडीन. पाहुणे परत येतो म्हणालेत, नारळी पौर्णिमेला.