लेथवर फोडलेला नारळ

आत्या चिडली की माणसाला एकदम ‘अहो-जाहो’ करायची. एरवी सगळ्यांना अरे-कारे. आमच्या कुरुंदा गावात तिनं कुणाला ‘तुमी’ म्हटलं, की आम्ही चपला शोधायचो.

तिचा नवरा लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, काम करायचा. तो गेल्यावर तिनं जुनी लेथ आणून सासरच्या गोठ्यात बसवली. मी तेव्हा आठवीतून शाळा सोडून घरी बसले होते. ती म्हणाली, “शाळा सुटली, हात तर न्हाई ना सुटले? ये.” एवढ्या शब्दावर मी आज पोट भरते.

पाया घालून लेथचे बोल्ट आवळताना लेव्हलचा बुडबुडा जरा सरकला, की सगळं परत सोडायला लावायची. गोठ्यात मधोमध भिंत घातली. अलीकडं लेथ आणि ग्राइंडर, पलीकडं लाकडाची रंधा मशीन. “ठिणगी भुशात पडली तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?” हळद पॉलिश करायच्या ड्रमचे शाफ्ट, खुरप्यांच्या मुठी, सगळं आम्ही दोघी करायचो.

गोठा अर्धा तिच्या दिराचा होता. पहिल्या खंडेनवमीला तो म्हणाला, “वहिनी, विधवा बाईनं पूजा करू न्हाई. तुमी लांब थांबा.” गोठ्यापायी तिनं ते गिळलं. त्यानं हळदकुंकू वाहिलं आणि नारळ थेट लेथच्या गुळगुळीत पट्टीवर आपटला, जिच्यावरून हत्यार सरकतं तिच्यावर. खाच पडली.

“भाऊजी,” आत्या म्हणाली, “तुमच्या टाळक्यावर का न्हाई फोडलात?”

“देवाचं काम हाय, वहिनी.”

“मंग शाफ्ट बिघडला की देवाला धाडा गिऱ्हाइकाकडं. आता बाहेर व्हा.”

तेल सोडून ती दगडानं खाच घासत बसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडात शिव्या. पुढच्या वर्षी पूजा तिनंच केली. “माझ्या कपाळाला कुंकवाची बंदी हाय, मशीनच्या न्हाई.” प्रसादाला भावकीतलं कुणी फिरकलं नाही. खोबरं आम्ही दोघींनीच संपवलं.

मला पुण्याकडच्या कंपनीत तिनंच ढकललं. मी रडत होते. “इथं राहिलीस तर लग्न लावून मोकळे होतील. जा.”

आता तिला अर्धांगवायू झालाय. माझ्या वडिलांकडं पडून असते, तोंडातून शब्द फुटत नाही. तेवढीच संधी साधून तिच्या दिरानं लेथ बोल्टांसकट उपटून उघड्यावर टाकली आणि गोठ्यात हळदीची पोती रचली. वडील फोनवर म्हणतात, “काहून भांडण वाढवून राहिलीस? गप राह्य.” गप? बाई जिवंत आहे हो! डोळे उघडे ठेवून पडलीय!

सुपरवायझरकडं एरवी मी काहीच मागत नाही. काम जाईल ही धास्ती रोजचीच. काल त्याच्यापुढं उभी राहिले, रजा मागितली.

“कोण वारलं?” त्यानं विचारलं.

“कुणी न्हाई वारलं,” मी म्हटलं. “म्हणूनच जाऊन राहिले. मशीन परत बसवायचीय.”