गच्चीवरचा गळ

आखातातल्या हुफूफच्या आमच्या हॉस्पिटलच्या गच्चीवर रोज सकाळी ड्यूटीआधी एक माणूस मासे धरायचा. खाली पार्किंग, पलीकडे खजुराच्या बागा, त्यापुढे नुसती वाळू आणि पाण्याच्या नावाने गच्चीवरच्या दोन टाक्या. अशा ठिकाणी दाऊदभाई लुंगी खोचून उभे राहायचे, नऊ फुटी बारीक काठी मागे-पुढे करायचे आणि पिवळा दोर हवेत लांबच लांब सोडायचे. दोराच्या टोकाला गळ नसे, लाल लोकरीचा गोंडा असे. तो नेम धरून समोरच्या बादलीत टाकायचा, हा त्यांचा खेळ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, हा माणूस उन्हाने कामातून गेला!

"हसतोस काय सुर्वे? ये, धर काठी," ते म्हणाले. मी धरली, जोरात फिरवली आणि गोंडा फटकन माझ्याच कानशिलावर बसला.

"घाई कुणाला झालीय, तुला की माशाला? काठी मागं नेलीस की थांबायचं. मागं दोर सरळ होऊ दे, मंग पुढं."

हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. मी चिपळूणचा, लॅबमध्ये रक्त तपासायला होतो. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, हाडांच्या विभागात प्लास्टर बांधायचे. रत्नागिरीकडच्या एका खाडीवरचं दालदी घराणं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारं. मोडलेला हात त्यांच्या हातात गेला की रडणारं पोर गप्प व्हायचं. मोठमोठे डॉक्टर त्यांना "दाऊदभाई, जरा तुम्हीच बघा" म्हणायचे, आणि तेही कधी फुशारले नाहीत.

ही विद्या त्यांना न्यूझीलंडच्या एका म्हाताऱ्या सर्जनने याच गच्चीवर शिकवली होती आणि नोकरी सोडताना काठीही देऊन टाकली होती. तेव्हापासून वर्षाच्या सुट्टीतले पंधरा दिवस घरी आणि पंधरा दिवस हिमाचलात, रस्ता संपल्यावर दोन दिवस चालून गाठायच्या एका नदीवर. तिथे रेनबो ट्राउट नावाचा मासा. साहेबाच्या काळात कुणीतरी आणून सोडलेला, आता पार रानटी झालेला, अंगावर गुलाबी पट्टा, आणि अक्कल आपल्याहून जास्त. त्याला फसवायला गळावर पिसं आणि लोकर बांधून खोटा किडा करायचा. त्यातून एक थोराड मासा एका काळ्या दगडामागच्या डोहात राहायचा आणि तीन वर्षं यांना हुलकावणी देत होता. त्याच्याबद्दल दाऊदभाई असे बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं शेजारच्या घरातल्या माणसाची गोष्ट चाललीय.

बरं, धरून करायचे काय? तर सोडून द्यायचे! गळाच्या अणीजवळचा उलटा काटा ते चिमट्याने दाबून सपाट करायचे, म्हणजे काढताना माशाचं तोंड फाटत नाही. त्यांच्या पत्नी सकिनाभाभी एकदा तिथे आल्या होत्या, त्या कपाळावर हात मारून मला म्हणाल्या, "यांच्या बापानं जन्मभर मासे धरून घर चालवलं. आणि हे नोकरी करून मासे सोडायला जातात!"

त्या वर्षी मे महिन्याची सुट्टी मंजूर झाली होती. आणि जानेवारीत आखाती युद्ध पेटलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, कपाटात गॅसचे मुखवटे आले, भोंगा वाजला की मुखवटा चढवून आम्ही जिन्याखाली पळायचो. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या मालकाकडे, पळणार कुठे? माझी तर पार गाळण उडाली होती. दाऊदभाईंनी काठी पिशवीत घालून ठेवली होती, "आता नको, लोक घाबरलेत," म्हणून. मीच त्यांच्या मागे लागलो. "चला ना गच्चीवर, पाच मिनिटं. तो दोर बघितला ना, की माझा जीव थाऱ्यावर येतो. नाहीतर मी वेडा होईन हो!" त्यांनी पिशवीतून काठी काढली आणि निघाले.

युद्धाच्या दिवसांत, गच्चीवर, नऊ फुटी लवलवती काठी आणि तिला लांब तार! लांबून बघणाऱ्याला ती कशी दिसेल, एवढी साधी गोष्ट आम्हा दोन अतिशहाण्यांच्या डोक्यात आली नाही. तिसऱ्या दिवशी पोलिस वर आले. आमचे इकामे, म्हणजे तिथे राहण्याचे परवाने, काढून घेतले, काठी जप्त केली आणि दोघांना गाडीत घातलं.

"ही एरियल कुणासाठी?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मासे धरायची काठी आहे, साहेब," दाऊदभाई अरबीत म्हणाले.

"गच्चीवर? पाणी कुठंय? गळ कुठंय?" त्याने तो लाल गोंडा चिमटीत धरून आमच्यासमोर नाचवला. आता काय सांगणार, कपाळ! जे खरं होतं तेच सगळ्यात खोटं वाटत होतं. अधिकाऱ्याने स्वच्छ सांगितलं: संध्याकाळपर्यंत पटलं नाही तर प्रकरण वर जाईल. म्हणजे नोकरी गेली, देश गेला, आणि त्याआधी कोठडी किती दिवस, देव जाणे. मी रडवेला होऊन म्हणालो, "दाऊदभाई, माझ्यामुळे झालं हे. माझं नाव सांगा." ते हळूच म्हणाले, "थांब. मागं दोर सरळ होऊ दे."

मग त्यांनी खिशातून मलमाची डबी काढून टेबलावर उघडली. आत ओळीने बांधलेले बारके किडे. अधिकारी वाकला. एक उचलून बघत राहिला. म्हणाला, "माझ्या बापाची खजुराची बाग आहे. पाटात मासे आहेत. यल्ला, चल, धरतोस का ते दाखव."

बाग चौकीच्या मागेच होती. झऱ्याच्या पाण्याचा हातभर खोल पाट, कडेला पाच पोलिस, आणि मध्ये गोंड्याऐवजी किडा बांधलेली काठी घेऊन आमचे दाऊदभाई. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. एक पोलिस फिसकन हसला. दाऊदभाईंनी किडा बदलला, करड्या कबुतराच्या पिसाचा घेतला, काठी मागे नेली आणि थांबले. किती थांबले! मग दोर पुढे गेला, किडा पाण्यावर टेकला आणि काठी वाकली. बोटाएवढा मासा! त्यांनी आधी हात पाण्यात भिजवला, मासा तळव्यावर घेतला, गळ काढला आणि त्याला पाटात सोडून दिलं.

"का सोडलास?" अधिकारी ओरडला.

"तुम्ही विचारलं होतं, धरतो का. खातो का, ते कुठं विचारलं, साहेब?"

तो अधिकारी असा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इकामे लगेच परत मिळाले. काठी मात्र त्याने ठेवून घेतली. "युद्ध खलास, मग काठी तुझी." पुढचे दिवस दाऊदभाई रिकामा हात मागे-पुढे करत गच्चीऐवजी प्लास्टरच्या खोलीत उभे राहायचे, आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. मे येईल, पण काठीवाचून ते नदीवर जाऊन काय करणार? पण युद्ध थांबलं त्याच आठवड्यात तो अधिकारी स्वतः काठी कापडात गुंडाळून घेऊन आला, सोबत खजुराचा डबाही.

जूनमध्ये दाऊदभाई परत आले तेव्हा मी दारातच विचारलं, "काळ्या दगडामागचा?"

त्यांनी बोटांपासून कोपरापर्यंत हात दाखवला. "सोडला."

"आणि फोटो?"

"एका हातात काठी, एका हातात मासा. फोटो काय दातांनी काढू?"

हॉस्पिटलात कुणाला पटलं नाही. मला पटलं. पाट बघितलेला माणूस मी.

निवृत्त होऊन ते खाडीवरच्या घरी गेले. मीही नंतर परतलो. भेटायला जाईन जाईन म्हणत राहिलो, आणि एक दिवस ते गेल्याचंच कळलं. मी पोचलो तेव्हा सकिनाभाभींनी ती मलमाची डबी माझ्यापुढे ठेवली. "सुर्व्याला द्या म्हणाले होते. पाटातला आहे म्हणे." आत एकच किडा होता, करड्या पिसाचा. उचलायला गेलो तर गळ माझ्या बोटात चांगला खोल रुतला. सवयीने मी घाईने ओढणार होतो. थांबलो. मग हळूच मागे घेतला, तर उलटा काटा दाबलेला तो गळ काहीही न फाडता अलगद निघून आला, आणि मला रडू कोसळलं.