पाव सुराने उतरवलेला पियानो

लेनिनग्राडच्या त्या घरात सात कुटुंबं आणि स्वयंपाकघर एकच. कोपऱ्यातल्या खोलीत संगीतकार वेनेदिक्त लुखमानोव, त्याची बायको अग्निया आणि दोन पियानो राहत. पियानोंना जागा जास्त लागे, म्हणून अग्निया खिडकीत बसून जेवायची.

नेहमीच्या सुरांत सांगण्यासारखं सगळं सांगून झालंय, असं वेनेदिक्तचं ठाम मत. म्हणून दोन पट्ट्यांच्या मधले सूर मिळावेत यासाठी त्याने गेल्या वर्षी एक पियानो मुद्दाम पाव सुराने उतरवला होता, तीन आठवडे खपून. दोन्हींवर मिळून वाजवायची नवी रचना ऐकायला रविवारी तीन संगीतकार येणार होते.

गुरुवारी तो शिकवण्या आटोपून घरी आला, तर शेजारीण ग्लाफिरा पोताप्योव्हना दारातच.

"वाढदिवस ना आज तुमचा? आम्ही सगळ्यांनी मिळून भेट आणलीय."

आत एक म्हातारा आपली हत्यारं पिशवीत भरत होता. पियानो सुरात लावणारा.

"वर्षभर ऐकतोय आम्ही," ग्लाफिरा हळुवारपणे म्हणाली. "एवढा शिकलेला माणूस आणि बेसुऱ्या पियानोवर वाजवतो. संकोच वाटला असेल तुम्हाला सांगायला."

वेनेदिक्तने एक पट्टी दाबली. सूर अगदी चोख. खिडकीत पाठमोऱ्या अग्नियाचे खांदे हसण्याने हलत होते.

"फारच छान," तो कसाबसा म्हणाला. मग सगळ्यांच्या आग्रहाखातर त्याने एक वॉल्ट्झ वाजवला. ग्लाफिराने डोळे पुसले.

"सांगून टाक ना त्यांना," नंतर अग्निया म्हणाली.

"त्यांनी कोबी भरून पिरोग केलाय. दोन तुकडे खाल्लेत मी. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

पुढचे दोन दिवस, ग्लाफिरा पावाच्या रांगेत गेली की तो तारा उतरवत बसे. रविवारपर्यंत पट्ट्यांचा मधला भागच जमला. मग सगळी रचना त्याने त्या तेवढ्या पट्ट्यांत कोंबली. संगीतकार थक्क झाले. "हा आटोपशीरपणा तुला सुचला कसा?" त्यांनी विचारलं. तो नम्रपणे पियानोचं झाकण लावू लागला.

बाहेर ग्लाफिरा अग्नियाला म्हणाली, "चार दिवससुद्धा टिकलं नाही गं. फसवलं त्या म्हाताऱ्याने."

त्याच्या हयातीत छापली गेली ती तेवढीच रचना. पुढे असल्या संगीतावर वर्तमानपत्रांची खप्पा मर्जी झाली, आणि वेनेदिक्त रेल्वे कामगारांना समूहगान शिकवू लागला. तिथेही खर्जवाल्यांच्या ओळीत तो एखादा तिरपा सूर हळूच घालून ठेवी. ते बिचारे आपलंच चुकतंय असं समजून तेवढी जागा दबक्या आवाजात गात, आणि वेनेदिक्त डोळे मिटून ऐके.