पेटी बोलली न्हाई पायजे

आमच्या आप्पांचे किस्से भुशासारखे आहेत. मूठभर काढायला जावं तर अंगभर चिकटून येतात.

आप्पा मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत, विलायतेला जाणारा माल पेट्यांत भरायचे. छावणीतले गोरे साहेब घरी परतताना सगळा संसार त्यांच्या हवाली करत. बार्शीपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे, मग मुंबईहून बोट. पेट्यांवर इंग्रजी पत्ते मी लिहायचो, म्हणून हे डोळ्यांदेखत पाहिलं.

पेटी भरली की आप्पा ती हलवून तिला कान लावत. आत जरा खुट्ट झालं की पुन्हा उघडायची. "पेटी बोलली न्हाई पायजे," म्हणायचे. एकदा तहसीलदारसाहेब मधेच बोलायला लागले. आप्पा म्हणाले, "सरकार, जरा दम धरा. आधी पेटी गप बसू द्या." 

एका मडमेला काचेचं झुंबर पाठवायचं होतं. आप्पांनी भरलेली पेटी बैलगाडीत घालून धर्मापुरीच्या रस्त्यानं फिरवून आणली. मडम रडकुंडीला आली. पेटी उघडली, तर एकही लोलक हलला नव्हता.

"बाईसाहेब, ह्या रस्त्याला जे टिकलं, त्याला समुद्र काय करतोय?"

दुसऱ्या एका साहेबानं मला पेटीवर 'ही बाजू वर' असं लिहायला सांगितलं. आप्पांनी पेटी उलटी केली आणि तिच्यावरच बसले. "लिवा की. पण बंदरावरच्या हमालाला वाचता येतंय व्हय?"

मी कुंचला खाली ठेवला.

पेटीत ठासलेल्या बाजरीच्या भुशावर ते करडीच्या काट्यांचा थर द्यायचे. मी विचारलं, "काटे कावून, आप्पा?" म्हणाले, "बोटीवरच्या उंदराला इचारा." एवढी अक्कल मला शाळेत कुणी शिकवली नव्हती.

आप्पांची लेक पार्वती आफ्रिकेत मोंबासाला होती, जावई तिथल्या रेल्वेत. तिचं पहिलंच बाळंतपण. सातव्या महिन्यात हिरवा चुडा माहेरचाच हवा, आणि त्यातली एकही बांगडी वाढलेली निघता कामा नये. जगाच्या पेट्या बिनघोर बांधणाऱ्या आप्पांनी ही पेटी पाच वेळा उघडली. 

पत्र येईपर्यंत ते रोज टपालकचेरीत चकरा मारायचे. आलं तेव्हा मीच वाचून दाखवलं.

"आप्पा, बांगड्या समद्या धड पोचल्या. भुसा टाकला न्हाई. काटे येचून उशीत भरलाय. लई दिसांनी झोप लागली."

आप्पांनी पत्राची घडी घातली. लेकीसाठी पुढची पेटी त्यांनी दुप्पट मोठी केली. आत बांगड्या ठेवल्या चारच.