दोन बटणांच्या घड्याळापायी किन्हीराजा

"तू कायले येते? सातवा महिना चालू हाय," असं हे म्हणाले आणि तिथंच माझं ठरलं, की जायचंच.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. अकोल्यात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. किन्हीराजाच्या दवाखान्यातल्या नर्स सुलोचनाबाई यांचा भाऊ दुकानात सांगून गेला, की बहिणीच्या दोन बटणांच्या घड्याळाचा काटा अडकतो, पण ती ते कुणाच्या हाती देत नाही. दोन बटणांचं म्हणजे क्रोनोग्राफ. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की शून्यावर परत. ह्यांच्याकडे असं एक होतं, अगदी जीव की प्राण. दुसरं पाहायला मिळणार म्हणून स्वारी उतावीळ! आणि मी? आदल्या वर्षी माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. तेव्हापासून सासूबाई उंबरा ओलांडू देत नव्हत्या. जीव गुदमरला होता माझा.

सकाळची पॅसेंजर धरली. तेव्हा मीटरगेज होती आणि हा सगळा भाग अकोला जिल्ह्यातच मोडायचा. बार्शीटाकळीला गरम आलुबोंडे घेतले. जऊळक्याला उतरून एसटी. दोघांचं जायचं भाडं पाचाच्या नोटेत भागलं. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, हवा गार, सगळं छान. फक्त एसटीच्या शेवटच्या बाकावर बसू नका. आम्हाला तेच मिळालं आणि हाडं खिळखिळी झाली.

किन्हीराजाला उतरले आणि लक्षात आलं, बाळ हलत नाहीये. गाडीत चांगलं लाथा मारत होतं. पदराआड पोट चाचपत मी ह्यांच्यामागून चालत राहिले.

सुलोचनाबाई घराच्या दारातच होत्या; आम्ही येणार हे भावानं कळवलेलं. "जय भीम, या, या. आधी भाकर खाऊन घ्या, घड्याय कुठी पयून नाई जात." ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, वर तेल घातलेला ठेचा. ह्यांनी ताव मारला. माझा घास फिरत राहिला.

मग पांढऱ्या फडक्यावर दोन्ही घड्याळं शेजारी मांडली. बाईंचं पांढऱ्या तबकडीचं, नाजूक आकड्यांचं. कडेला लाल रंगात नाडीची मोजपट्टी. तीस ठोके मोजून काटा थांबवायचा, समोरचा आकडा म्हणजे मिनिटाची नाडी. ज्या डॉक्टरीणबाईंकडे त्या शिकल्या, त्यांनी दिलेलं. ह्यांचं काळ्या तबकडीचं, दणकट, कडेला एका किलोमीटरला लागलेल्या वेळेवरून मोटारीचा ताशी वेग दाखवणारी पट्टी. मागची झाकणं उघडली तर आतलं यंत्र डिट्टो एकच! तेच खांबांचं इवलं चाक, तेच काटा परत आणणारे लिव्हर. बाईंच्या घड्याळातली एक स्प्रिंग तेवढी तुटलेली. हे ती काढता काढता म्हणाले, "बाई, अदलाबदल करता का? माह्यं चालू हाय."

"त्याच्यावर मोटारीचा वेग लिवला हाय, भाऊ. माह्याकडं मोटार कुठं हाय?" त्या हसल्या आणि माझ्याकडे पाहून थांबल्या. "बाई, तोंड काहून उतरलं तुमचं?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मला खाटेवर निजवलं, पोटावर लाकडी नळकांडं टेकवून कान लावला. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. हे भिंतीला टेकून उभे, चेहरा पांढराफटक. मग बाईंनी हात वर केला. "सापडलं! पण मोजाले घड्याय पाहिजे."

त्यांचं तर फडक्यावर उघडं पडलेलं. ह्यांनी आपलं झटकन बंद करून पुढे केलं. "तीस नका मोजू, साठ मोजा," हे म्हणाले. "एकाच्या जागी साठ मोजले का तासाचा हिशोब मिनिटावर येते. मंग मोटारीचा आकडा म्हंजेच ठोके."

बाईंनी बटण दाबलं. त्यांचे ओठ हलत होते. पुन्हा बटण दाबलं आणि घड्याळ ह्यांच्यापुढे धरलं.

"एकशेचाळीस," हे वाचून म्हणाले. "चांगलं हाय का?"

"अस्सल! घोड्यावानी धावून राह्यलं. झोपलं असंन, बाप्पा. तुमीच घाबरले."

हे खाटेच्या कडेला बसले आणि लहान मुलासारखे रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं मी ते.

मग अदलाबदलीचं नाव नाही. स्वतःच्या घड्याळातली स्प्रिंग काढून ह्यांनी बाईंच्या घड्याळात बसवली. बाई नको नको म्हणत होत्या. हे म्हणाले, "तुमच्याकडंच कामाची हाय."

परतीला पुढचं बाक मिळालं, आणि वाटेत बाळानं अशी सणसणीत लाथ मारली की मी भर एसटीत हसले. घरी सासूबाईंनी दोघांना फैलावर घेतलं.

तुम्ही आज हायवेने भर्रकन जाल. माझ्यासाठी मात्र किन्हीराजा म्हणजे ती खाट आणि बाईंचा वर केलेला हात.

पूर्ण दिवसांनी मुलगी झाली, आमच्या घरातच. हे दाराबाहेर बसलेले, भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं टिकटिकत होती. पत्रिका करायला जोशीबुवा आले, त्यांनी जन्मवेळ विचारली. अख्ख्या पेठेची घड्याळं लावून देणारा माझा नवरा डोकं खाजवायला लागला.

"पाहाचं राहूनच गेलं, बुवा," हे म्हणाले. "पोरगी रडली, तेवढंच ऐकलं."