वरच्या खोलीतला आवाज

प्रेस शॉपमध्ये माणसं बोलत नाहीत, ओरडतात. पत्रा कापणाऱ्या मशीनच्या दणक्यात दुसरा इलाज नसतो. चितेगावच्या एका कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत तेच केलं. गोकुळ माझ्या हाताखाली लागला आणि अजून तिथंच आहे. काम चोख. मशीनवर डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, बसवायला घेतली की बरोबर बसेपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही. घरी मात्र त्याचं बिघडलं.

त्याची बायको मंजुषा पोरीला घेऊन शहरात, उस्मानपुऱ्यात, भावाकडं गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही मारत नाही, पण मारल्यावानी बोलता." पोरगी राजनंदिनी दुसरीत आहे. बापाची गाडी दारात थांबली की ती कानांवर हात ठेवायची. हे गोकुळनंच मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं बघितलं नाही.

मग मंजुषानं त्याला एक नंबर पाठवला. तनुजा मॅडम, पुण्याच्या. मनाचं, नवरा-बायकोचं काही अडलं असलं तर व्हिडिओ कॉलवर बोलतात. मंजुषाची अट होती. आधी मॅडमशी बोला. त्या म्हणतील तेव्हा मी फोनवर येईन. तेव्हाही ओरडलात तर फोन कापीन, परत लावणार नाही.

गोकुळच्या भाड्याच्या खोलीची भिंत शेजाऱ्याशी सामाईक. म्हणून तो माझ्याकडं आला.

"सांडूकाका, गच्चीवरची खोली देता का? सुट्टीच्या दुपारी."

"कशाला?"

"बोलायचंय."

"बोलायला खोली लागते?" माझी बायको आवडाबाई आतून म्हणाली. "तुझं बोलणं तर पैठणला ऐकू जातंय!"

पहिल्या दिवशी तो वर गेला, दार लावलं, कानात इअरफोन घातले. मी जिन्याखाली विळ्याला धार लावत होतो. मॅडम काय विचारतात ते कळत नव्हतं. गोकुळचं उत्तर मात्र शब्दन् शब्द खाली येत होतं.

"मॅडम, प्रेसवाल्याचा आवाजच असा असतो. राग नाय तो."

मग मॅडमनी काहीतरी विचारलं असावं. "नाय. सायबासमोर नाय वरडत."



उतरला तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. तोवर मी बोलण्याला काम मानत नव्हतो. त्याला म्हणालो, "मला सगळं ऐकू आलं." लपवणं बरोबर नव्हतं.

त्याचा चेहरा उतरला. "मॅडमनी आधीच इचारलं होतं, कोणी ऐकत नाय ना. मी नाय म्हणलो."

पुढच्या खेपेला त्यानं मॅडमना खरं सांगितलं. मी जिना सोडून अंगणातल्या नळापाशी बसायला लागलो. मॅडम म्हणाल्या, काका लांब बसतात ते बरंच, पण खाली शब्द जाणार नाही असं बोलता येईल का? तेव्हापासून तो खाली उतरला की पहिलं विचारायचा, "आज किती?"

"नळापर्यंत आला," मी सांगायचो. किंवा, "मेव्हण्याचं नाव निघालं तिथं चढला."

"एखाद्या दिशी बरं होतं म्हणा की, काका."

"बरं नव्हतं तर कसं म्हणू?"

सराव म्हणून तो आवडाबाईकडं हळू आवाजात चहा मागायचा. "काकू, अर्धा कप मिळंल का?"

"आं? काय पुटपुटतो रे! मोठ्यानं बोल."

सरावाला आमचं घर वाईट. माझा आवाजही गोकुळसारखाच आहे. पण आवडाबाई कधी दबली नाही, एकाला दोन सुनावते. आवाज तोच, पण आमच्या घरी कुणी भीत नाही. म्हणून सगळा दोष प्रेसवर टाकलेला मला पटत नव्हता. पुढं पुढं गोकुळलाही पटेना.

मग मंजुषा कॉलवर येणार तो दिवस आला. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं.

"काका, ती तिच्या भावाचं काढणारच. मंग माझं डोकं फिरतं."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"थांबायचं. आन् थांबलोय असं तिला सांगायचं."

"मग तसं कर. मला काय विचारतो?"

तो वर गेला. दार लागलं. मी नळापाशी बसलो.

काहीच ऐकू येईना.

प्रेस शॉपमध्ये शांतता चांगली नसते. दणका चालू आहे तोवर सगळं ठीक. मधेच थांबला की माणसं पळतात, कारण कुणाचा तरी हात आत गेलेला असतो. इतके दिवस आवाज खाली येतो म्हणून मीच त्याला टोकत होतो. आता तो येत नव्हता तर मी वर कान लावून बसलो. मंजुषानं फोन कापला असेल का? हा भिंतीकडं बघत बसला असेल का? मी उठून जिन्याखाली आलो. तरी काही नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"खाली या," आवडाबाई म्हणाली. या वेळी तीसुद्धा हळू बोलली. "आवाज बंद पडला म्हणून पळायला वर काय तुमची मशीन आहे?"

मी पाय मागं घेतला. पण बसवेना.

शेवटी दार उघडलं. गोकुळ अर्धा जिना उतरला आणि तिथंच पायरीवर बसला. 

"किती?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही. जिन्याखालीसुद्धा नाही. तिनं कापला का फोन?"

"नाय."

"येणार आहे का घरी?"

"इतक्यात नाय म्हणली. पुढच्या खेपेला फोनवर येते म्हणली." तो फोनकडं बघत राहिला. "शेवटी तिनं फोन पोरीकडं दिला. मी इचारलं, काय करतीस? तर म्हणली, पप्पा, ऐकू येत नाय, मोठ्यानं बोला."

"मग?"

"लई भ्या वाटलं, काका. मोठ्यानं म्हंजी किती?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "थोडा वाढवला. ती बोलत राहिली."

तो वाढवलेला आवाजही मला खाली ऐकू आला नव्हता.